ओळी निवडून काढायच्या आहेत? सी-प्रोग्रॅमचे किती पैसे मोजाल

उन्हाळ्यात टँकरवर भागवणाऱ्या पुण्यातल्या बावधनच्या सोसायट्यांमध्ये पावसाळा तोंडावर आला की हिशेबाचं एक काम निघतं. गेटवरच्या नोंदींची टेक्स्ट फाइल सिक्युरिटीच्या संगणकातून काढली जाते. तिच्यात कुरिअरवाले, पाहुणे, घरकामाच्या मावश्या, स्कूलव्हॅन सगळं एकत्र असतं आणि खजिनदारांना हव्या असतात फक्त पाण्याच्या टँकरच्या ओळी. बिलात जितक्या खेपा लावल्यात तितक्या गाड्या खरंच आत आल्या का, एवढंच बघायचं असतं. हाताने काढायचं तर रविवारमागून रविवार जातात. मग कुणीतरी म्हणतं, "सी मध्ये छोटा प्रोग्रॅम करून घेऊ," आणि कोटेशन येतं. तो आकडा रास्त की अवाच्या सवा, हे ठरवायला समितीत कुणाकडे माप नसतं.

हाच प्रश्न दुसऱ्या दारानेही घरात येतो. मुलगी डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असते, सी हा विषय असतो, "फाइलमधून ठरावीक शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढा" असा मिनी-प्रोजेक्ट मिळतो आणि कुणीतरी तो तयार विकायला बसलेलं असतं.

दोघांनाही उत्तर आधीच सांगून टाकतो. ओळी निवडणाऱ्या प्रोग्रॅमची स्वतःची किंमत जवळजवळ शून्य आहे. पैसे लागतात ते फाइल निवडण्याजोगी करायला आणि निवड बरोबर झाली की नाही ते तपासायला. कोटेशनमध्ये पहिल्या गोष्टीला मोठा आकडा आणि उरलेल्या दोन्हींचा उल्लेखच नाही, असं दिसलं तर तो कागद परत करा.

आधी फुकटात होतंय का ते बघा

एखादा शब्द असलेल्या ओळी छापणं हे संगणकाच्या जगातलं फार जुनं काम आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी त्यासाठी 'ग्रेप' नावाची आज्ञावली केली, ती १९७३ च्या सुमारास युनिक्समध्ये आली. आज प्रत्येक लिनक्स आणि मॅक संगणकात ती असतेच, एक रुपया न मोजता. शब्द द्या, फाइलचं नाव द्या, ओळी समोर येतात. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'सिलेक्ट-स्ट्रिंग' हेच काम करतं. विंडोजची जुनी 'फाइंडस्ट्र' ही आज्ञाही आहे, पण मराठी मजकुरासाठी तिच्यावर विसंबू नका. आणि फाइल दहा-वीस हजार ओळींची असेल तर एक्सेलमध्ये उघडून फिल्टर लावलात तरी काम फत्ते.

मग सी कशाला? माझ्या मते तीनच कारणं खरी आहेत. एक, मुलांना शिकायचंय. दोन, हे काम दर महिन्याला त्याच पद्धतीने करायचंय आणि ऑफिसातल्या माणसाला आज्ञा टाइप न करता एका क्लिकवर हवंय. तीन, संगणक इतका जुना किंवा यंत्र इतकं लहान आहे की तिथे दुसरं काही नीट चालत नाही. "सी फार वेगवान असतं" हे कारण सोसायटीच्या फाइलला लागू पडत नाही. काही लाख ओळी कुठल्याही भाषेत काही सेकंदांत चाळून होतात. वेगाच्या नावाखाली जादा पैसे मागितले तर देऊ नका.

"आमचं खास अल्गोरिदम आहे" असं सांगणाऱ्यालाही एक गोष्ट ऐकवा. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं मूळ पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्याच्या चौथ्या प्रकरणात, फंक्शन म्हणजे काय हे समजावताना, पहिलंच मोठं उदाहरण आहे ते ठरावीक अक्षरं असलेल्या ओळी छापणाऱ्या प्रोग्रॅमचं. पाचव्या प्रकरणात तोच प्रोग्रॅम वाढवून ओळींचे क्रमांक देणं आणि उलटी निवड करणं, म्हणजे तो शब्द नसलेल्या ओळी काढणं, हेही करून दाखवलंय. जे त्या पुस्तकात इतकी वर्षं छापलेलं आहे ते कुणाचं गुपित नाही.

तीसेक ओळींत काय असतं

हे आतून समजून घेतलंत तर कोटेशन वाचणं सोपं जातं. प्रोग्रॅम 'एफओपन'ने फाइल उघडतो. 'एफगेट्स'ने एक ओळ उचलून स्मृतीतल्या एका ठरावीक लांबीच्या जागेत ठेवतो, तिला बफर म्हणतात. 'स्ट्रस्ट्र' हे फंक्शन त्या ओळीत हवा तो शब्द आहे का ते बघतं. असला तर 'एफपुट्स' ती ओळ दुसऱ्या फाइलमध्ये लिहितं. ओळी संपेपर्यंत हेच चक्र चालतं, शेवटी 'एफक्लोज'. चुकांचे संदेश धरून सगळं तीस-चाळीस ओळींत बसतं. ही सगळी फंक्शन्स सी भाषेच्या मानक संचातलीच आहेत, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

कंपायलरही फुकट आहे. जीसीसी १९८७ पासून मुक्त परवान्याखाली मिळतो. विंडोजवर कोड-ब्लॉक्स नावाचं मोफत साधन त्याच्यासकट उतरवून घेता येतं. घरात लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून त्यात क्लँग कंपायलर बसवता येतो, तोही फुकट. लहान पडद्यावर टाइप करणं जिकिरीचं आहे, पण शिकायला पुरतं. निव्वळ सी शिकायला नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. ४ जीबी रॅमचं जुनं यंत्र लिनक्स टाकून मजेत चालतं.

एका सवयीपासून मात्र मुलांना वाचवा. अजूनही काही ठिकाणी टर्बो सी शिकवतात, ती निळ्या पडद्याची खिडकी. ते डॉसच्या काळातलं साधन आहे. आजच्या ६४-बिट विंडोजवर ते चालवायला डॉसबॉक्ससारखं अनुकरण करणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याच्या पडद्यावर देवनागरी दिसत नाही. फी भरण्याआधी क्लासला विचारा, कंपायलर कुठला? उत्तर टर्बो सी आलं तर दुसरा क्लास बघा.

खरा खर्च इथे आहे: मराठी मजकूर

आता मुख्य मुद्दा. गेटवरच्या नोंदी, थकबाकीच्या याद्या, जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातले कागद, यात मराठी असतंच. आणि मराठी ओळी गाळणं इंग्रजीइतकं सरळ नाही.

टँकर हाच शब्द घ्या. एक जण तो ट, चंद्रबिंदू, क, र असा टाइप करतो. दुसरा ट, मग अर्धचंद्र, मग अनुस्वार, मग क, र असा. पडद्यावर 'टँकर' आणि 'टॅंकर' जवळजवळ सारखेच दिसतात, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. युटीएफ-८ या आजच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे पहिला शब्द १२ बाइटांचा, दुसरा १५ बाइटांचा. 'स्ट्रस्ट्र' बाइटला बाइट जुळवून बघतं, त्यामुळे एक शोधलात तर दुसऱ्याच्या ओळी गळून पडतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही. यादी व्यवस्थित छापून येते, फक्त खेपा कमी दिसतात. त्यावरून पुरवठादाराशी वाद घालायला गेलात तर तोंडघशी पडाल. शिवाय रात्रपाळीच्या वॉचमनने तोच शब्द इंग्रजीत टाइप केलेला असणार, कधी मोठ्या लिपीत, कधी छोट्या.

अशा जागा बऱ्याच आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य पूर्वी र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य असा टाइप होत असे, आता थेट ऱ वापरून होतो. 'ॲप'मधला ॲ एका चिन्हाचा असतो किंवा अ वर अर्धचंद्र देऊन दोन चिन्हांचा. अंक कुणी १२ असे घालतं, कुणी इंग्रजीत. रवींद्र आणि रविंद्र ही ऱ्हस्व-दीर्घाची जोडी तर प्रत्येक सभासद-यादीत सापडेल.

त्यात आपलं व्याकरण. पाणी हा शब्द शोधलात तर 'पाण्याचा टँकर' ही ओळ सापडणार नाही, कारण सामान्यरूपात णी जाऊन ण्या झालेला असतो. सदनिका शोधली तर सदनिकेची थकबाकी सुटते. नुसता 'पाण' शोधावा तर पाणपोईही येते. यावर एकच उपाय, शोधायच्या रूपांची यादी आधी कागदावर करायची आणि प्रोग्रॅमने त्यातलं कुठलंही रूप सापडलं तर ओळ घ्यायची. ही यादी प्रोग्रॅमर करू शकत नाही, ती समितीनेच करून द्यायची असते. ती तयार करून दिलीत तर बिलातले तास लगेच कमी होतात.

उलटा धोकाही आहे, नको त्या ओळी आत येण्याचा. 'बी-१०' शोधलं की बी-१०१ पासून बी-१०९ पर्यंत सगळे फ्लॅट हजर. गावाच्या नावाचंही तसंच. मोठ्या यादीतून 'बावधन' असलेल्या ओळी काढल्यात तर आपल्या बावधनबरोबर सातारा जिल्ह्यातलं वाई तालुक्यातलं बावधनही येईल, बगाडाच्या यात्रेचं. आणि आपल्यातही खुर्द आणि बुद्रुक आहेतच. बुद्रुक ३० जून २०२१ रोजी २३ गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आलं, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी मुळशी तालुक्याच्या नावाने, नंतरच्या पुण्याच्या नावाने. शिवाय लिहिताना कुणी 'बुद्रुक', कुणी 'बु.', कुणी 'बु॥'. ४११०२१ हा पिनकोड जोडीला घेतलात तर वाईचं बावधन बाजूला पडतं, पण पाषाण-सूसच्या काही भागाला तोच पिनकोड असल्याने पूर्ण निवड त्यानेही होत नाही. दोन अटी एकत्र लावाव्या लागतात. अशी प्रत्येक अट प्रोग्रॅमरची दहा मिनिटं खाते आणि तपासणीचा अर्धा तास.

एक दिलासा आहे. युटीएफ-८ ची रचना अशी आहे की एका अक्षराच्या मधल्या बाइटांपासून दुसरं अक्षर सुरू झाल्याचा भास होत नाही. त्यामुळे 'स्ट्रस्ट्र' इंग्रजीसाठी लिहिलेलं असूनही देवनागरी शब्द बिनचूक शोधतं, वेगळी लायब्ररी विकत घ्यावी लागत नाही. ही रचना १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्या जोडीने केली ती ग्रेपवाल्या केन थॉम्पसन यांनीच. "मराठीसाठी स्पेशल लायब्ररी लागेल, तिचे वेगळे" असं कुणी म्हणालं तर ती नेमकी कशाला, हे लेखी मागा.

फाइल मात्र युटीएफ-८ मध्येच असली पाहिजे, आणि इथे बहुतेकांची गाडी अडते. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून जतन केलेली फाइल युटीएफ-१६ मध्ये निघते. तिच्यात मध्ये मध्ये शून्य बाइट येतात आणि सी मध्ये शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला, त्यामुळे प्रोग्रॅमला काहीच सापडत नाही. जतन करताना 'सीएसव्ही युटीएफ-८' हा पर्याय निवडा. त्यात फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण येते. पहिली ओळ ठरावीक अक्षराने सुरू होते का असं तपासत असाल तर ती खूण आधी वगळावी लागते. युटीएफ-१६ मधली फाइल हातात आलीच तर 'आयकॉन्व्ह' नावाचं मोफत साधन एका आज्ञेत ती बदलून देतं. या बदलाचे कुणी हजारांत पैसे लावले असतील तर ती रक्कम खोडा.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची गोष्ट निराळी. श्री-लिपी, किरण, डीव्हीबी-सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो, कारण आत साठवलेल्या असतात त्या खुणाच, मराठी दिसत होतं ते फॉन्टमुळे. सरकारी किंवा छापखान्यातल्या फार जुन्या नोंदी इस्की या १९९१ च्या भारतीय मानकातही असू शकतात. ते मानक घडण्यात पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा मोठा वाटा. त्यात अक्षराला तीनऐवजी एकच बाइट लागतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायला मोफत रूपांतरकं मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे हमखास घोळ होतो आणि माणसाने बसून वाचून घ्यावंच लागतं. या वाचनाला पानाप्रमाणे पैसे द्या, हात आखडता घेऊ नका. सगळ्या कामातला कष्टाचा भाग हाच आहे आणि तो करणाऱ्याला सहसा सर्वांत कमी मिळतं.

कोटेशन कसं मागाल

ठोक रक्कम मागू नका, तासांचा हिशेब मागा, आणि चार ओळींत: निवडीचा प्रोग्रॅम, फाइल शुद्ध करणं, तपासणी, वापराची लेखी टीप. पुढचा हिशेब निव्वळ उदाहरण म्हणून देतो, तासाचा दर तुमच्या माणसाचा घाला. तासाला ७०० रुपये धरले, प्रोग्रॅमला ३ तास, एकाच वर्षाची युनिकोडमधली फाइल शुद्ध करून रूपांची यादी जुळवायला आणि तपासायला ६ तास, टीप लिहून समजावून द्यायला १ तास. एकूण १० तास, ७,००० रुपये. देणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांचे १,२६० वाढून ८,२६० होतील. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही. बिलावर कर दिसला तर जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर पडताळून घ्या, मिनिटभराचं काम आहे.

प्रोग्रॅमचे तास बाकीच्या कामापेक्षा जास्त दाखवलेले असतील तर प्रमाण उलटं झालंय. "तपासणी समाविष्ट" एवढंच मोघम लिहिलं असेल तर कशाने तपासणार ते विचारा.

घेताना हे करून बघा

तीसेक ओळींची एक नमुना-फाइल आधीच स्वतः तयार करून ठेवा, जिच्यात किती ओळी निवडल्या जायला हव्यात ते तुम्हाला माहीत आहे. तिच्यात पहिलीच आणि शेवटचीच ओळ हवी असलेली घाला. एक कोरी ओळ, टँकरची दोन्ही लेखनं, एक इंग्रजी, एक बी-१०४ आणि एक भरमसाट लांब ओळ घाला.

लांब ओळ कशाला, ते सांगतो. समजा बफर १०० बाइटांचा ठेवलाय. 'एफगेट्स' शेवटची एक जागा स्वतःसाठी राखून ९९ बाइट उचलतं, म्हणजे देवनागरीची ३३ चिन्हं. एवढ्यात एक वाक्यही पुरं होत नाही. मध्ये एक-दोन मोकळ्या जागा आल्या, त्या एकेका बाइटाच्या, की ९९ वा बाइट एखाद्या अक्षराच्या पोटात पडतो आणि अक्षर चिरलं जातं. उरलेला तुकडा प्रोग्रॅमला नवी ओळ वाटते. टँकर हा शब्द नेमका त्या सांध्यावर आला तर ती ओळ निवडलीच जात नाही, आणि अलीकडे आला तर ओळीचा अर्धाच भाग छापून येतो. जबाबदार प्रोग्रॅमर एक तर ओळ पुरी होईपर्यंत तुकडे जोडत जातो, किंवा लिनक्सवर 'गेटलाइन' वापरतो, ते लागेल तशी जागा स्वतःच वाढवतं. नमुन्यातली लांब ओळ अख्खी बाहेर आली तरच पुढचं बोला.

दुसरी कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. प्रोग्रॅमला दोन फाइली लिहायला सांगा, एकीत निवडलेल्या ओळी आणि दुसरीत नाकारलेल्या. दोन्हींची बेरीज मूळ फाइलच्या ओळींइतकी आली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. एकाने जास्त आली तर ती चूक बहुधा ओळखीची असते: 'एफईओएफ' हे फंक्शन चक्राच्या तोंडाशी वापरलं की शेवटची ओळ दोनदा हाताळली जाते. हे नवशिक्यांच्या कोडमध्ये सर्रास आढळतं. एका बारकाव्याकडे मात्र लक्ष असू द्या. लिनक्सची ओळी मोजणारी आज्ञा ओळ संपल्याच्या खुणा मोजते, आणि फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर ती खूण नसेल तर तुमची मोजणी एकाने कमी भरेल. दोष तेव्हा प्रोग्रॅमचा नसतो. बेरीज जुळली की नाकारलेल्या ओळींची फाइल वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घाला. राहून गेलेली लेखनं तिथेच सापडतात.

कोड वाचता येणारं कुणी सोसायटीत असेल, आणि बावधनमध्ये असतंच, तर त्यांना दोन गोष्टी शोधायला सांगा. 'गेट्स' हे जुनं फंक्शन वापरलंय का? ते किती लांब ओळ आली हे बघतच नाही आणि बफरबाहेर लिहीत सुटतं, म्हणून २०११ च्या सी मानकातून ते काढूनच टाकलं. ते दिसलं तर काम परत करा. आणि प्रोग्रॅम मूळ फाइलवरच तर लिहीत नाही ना? सी मध्ये फाइल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते. निवड दुसऱ्या फाइलमध्येच झाली पाहिजे. पहिल्यांदा चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, तीनशे-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हने वर्षाच्या नोंदी वाचतात.

विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर चाळत असाल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह राहतं. ओळीच्या शेवटचा शब्द तंतोतंत जुळवायचा असेल तर ते आधी काढावं लागतं.

शिकायचंच असेल तर

मिनी-प्रोजेक्ट विकत घेऊ नका. पैसे तर जातातच, शिवाय तोंडी परीक्षेत "बफर एवढाच का ठेवलास" या पहिल्या प्रश्नाला मुलं अडकतात. एवढं काम पहिल्या वर्षाची मुलगी आठवड्याभरात स्वतः करू शकते, आणि एकदा स्वतः केलं की फाइल हाताळणीची भीती कायमची जाते.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सी भाषेचे धडे मराठी आवाजात, फुकट आहेत. लिनक्सच्या मालिकेत ग्रेपवरही धडे आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचे प्रा. अनुपम बसू यांचा सी चा अभ्यासक्रम पाहायला काही लागत नाही, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच १,००० रुपये. पुस्तकांत नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' महाराष्ट्रातल्या मुलांच्या पिढ्यांनी वापरलंय. नवं घेण्याआधी अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत बघा. बावधनहून पीएमपी बसच्या ७० रुपयांच्या दैनिक पासात जाऊन-येऊन शहरातली बाकीची कामंही उरकतात. जुनी प्रत घेताना एवढंच पाहा की उदाहरणं टर्बो सी साठीची नाहीत. नवीन आवृत्त्यांत ती बदलली आहेत.

शेजारच्या पाषाणला पंचवटीत सी-डॅकचं केंद्र आहे, आणि "सी शिकायला तिकडेच घाला" असा सल्ला बावधनमध्ये सहज मिळतो. त्यांचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चांगला आहे, पण तो पदवीनंतर, प्रवेशपरीक्षा देऊन, नोकरीच्या तयारीसाठी करायचा. गेल्या काही वर्षांत त्याची फी ९० हजार अधिक जीएसटी, म्हणजे १,०६,२०० रुपये होती. फाइल चाळण्यापुरतं सी शिकायला तो मार्ग नव्हे.

खासगी क्लास लावायचाच तर एकरकमी फी भरू नका. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवरही बंधनं घातली, त्यात हमखास नोकरीची खोटी आश्वासनंही येतात. छोट्या क्लासला हे थेट लागू नसलं तरी फी परतीची अट पावतीवर लिहून घ्यायला कुणी अडवत नाही.

फाइल कुणाच्या हाती देताय

गेटच्या नोंदींत लोकांची नावं, मोबाइल क्रमांक, गाडीचे नंबर, येण्या-जाण्याच्या वेळा असतात. अशी फाइल ऑनलाइन कंपायलरच्या किंवा फुकट रूपांतरकाच्या संकेतस्थळावर चिकटवू नका. रूपांतर करायचं ते स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतलेल्या साधनाने करा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर येते, म्हणजे समितीवर. प्रोग्रॅमरला नमुना द्यायचा तर नावं आणि क्रमांक बदलून द्या. त्याला ओळींची घडण कळायला हवी, माणसं नव्हेत.

कोडची मालकीही आधीच ठरवून घ्या. प्रताधिकार कायद्यात संगणक-प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅमचे हक्क लेखी हस्तांतराशिवाय सहसा त्याच्याकडेच राहतात, पैसे तुम्ही दिलेले असले तरी. "स्रोत-कोडसह सर्व हक्क संस्थेला हस्तांतरित" अशी एक ओळ सहीनिशी घ्या. नुसती चालवायची फाइल देऊन कोड राखून ठेवणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. पुढच्या वर्षी वॉचमनच्या ॲपने स्तंभांचा क्रम बदलला की दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच्याच दारात जावं लागेल.

ठरल्याप्रमाणे काम झालं नाही तर आधी लेखी कळवा, सोबत नमुना-फाइल, अपेक्षित आकडा आणि प्रोग्रॅमने दिलेला आकडा जोडा. त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, प्रोग्रॅमर बंगळूरुचा असला तरी पुण्यातच. सहकारी गृहरचना संस्थाही तक्रारदार होऊ शकते, त्यासाठी समितीचा ठराव करून ठेवा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून बिल, ईमेल आणि ती तीस ओळींची नमुना-फाइल तोवर जपून ठेवा.